ॲव्हरेज विचारू नकोस

शिवाजी पार्क, मुंबई
रविवार

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार. गाडीचा फोटो पाठवला आणि तुझ्याकडून नुसता अंगठा आला. एरवी माझ्या नव्या चपलांवरही चार खवचट ओळी खरडणारा तू! म्हणून म्हटलं, नीट पत्रच लिहावं.

पोर्शे ९११. सेकंडहँड, २०१२ ची. ३.४ लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर तीन-तीन करून आडवे, ३५० हॉर्सपॉवर. २०१५ मध्ये साध्या कॅरेरालाही, म्हणजे ९११ च्या मूळ मॉडेललाही, इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो बसवला. ताकद वाढली, पण आवाजातली धार गेली असं माझं ठाम मत आहे. म्हणून मुद्दाम जुनी शोधली. किंमत भेटल्यावर सांगेन. आईला सांगितलीय ती अर्धी आहे.

पूजेच्या दिवशी हळदकुंकू लावायला तिने बॉनेट उघडायला लावलं, तर आत रिकामी पेटी! वॉचमन वाकून म्हणाला, "साहेब, इंजिन कुठंय?" ते मागच्या चाकांच्याही मागे असतं, १९६३ साली पहिली ९११ दाखवली तेव्हापासून, हे मी सांगेपर्यंत आईची खात्री झाली होती की पोराला कुणीतरी टोपी घातली. मामाने फक्त ॲव्हरेज विचारलं. शहरात सहा, म्हटल्यावर पेढा न घेता बसला.

चालवणं अवघड नाही रे. गतिरोधकावर तिरकी चढवायची, पेव्हर ब्लॉकवर श्वास रोखायचा, पावसाळ्यात झाकून ठेवायची. अवघड आहे ते लोकांनी बघणं. सिग्नलला बाईकवाला मोबाइल काढतो, टॅक्सीवाले चार हात लांब राहतात, पोरं काचेला नाक लावतात. पोरांचं आवडतं मला, त्यांना आत बसवतो. पण मोठी माणसं आधी गाडी बघतात, मग मला, आणि त्या दोन नजरांच्या मध्ये कुठेतरी "हा? ह्याची?" असतं. हॉटेलच्या दारात तर एकाने मला ड्रायव्हर समजून साहेब कधी येणार विचारलं. आडनाव मराठी निघालं की पुढचा प्रश्न ठरलेला: बिल्डर की राजकारण? अंबरनाथला व्हॉल्व्ह बनवतो, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. आणि तिथे तर ही गाडी मी नेतच नाही. कामगारांशी बोनसच्या बोलण्यांत ती माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसेल.

तुला सचिनची फेरारी आठवते? २००२ मध्ये ३६० मोडेना भेट मिळाली आणि पुढे कस्टम ड्यूटीच्या माफीवरून केवढा गदारोळ झाला. ज्याच्यावर अख्खा देश जीव टाकतो त्यालाही हिशोब चुकला नाही, तिथे माझी काय कथा! माझ्या बायकोला तर इतका संकोच वाटतो की लग्नाकार्याला आम्ही वॅगनआरच काढतो.

मग घेतली कशाला? रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवरून कोस्टल रोडच्या बोगद्यात शिरतो. दोन किलोमीटर, मर्यादा ६०. बाहेर ८०, तीही दुसऱ्या गिअरमध्येच संपते. शंभरला पोचायला हिला पाच सेकंदही लागत नाहीत. पण काच खाली करून साठनेच जायचं. भिंतींवरून तो आवाज परत येतो ना, तेव्हा ऑर्डर, जीएसटी, आईची शुगर, काही म्हणजे काही डोक्यात उरत नाही. रात्री तिथे आवाज काढत सुटणारी पोरं असतात, ब्रीच कँडीचे लोक त्यांना शिव्या घालतात आणि बरोबरच करतात. त्यातल्या दोन-चार मलाही बसत असतील.

हे सगळं इतरांचं झालं. तुझा अंगठा मात्र टोचला. आपल्यात पैसा कधी मध्ये आला नव्हता. तू माझ्या फीचे पैसे भरलेस तेव्हाही नाही. गाड्यांच्या ट्रम्प कार्डांच्या खेळात ९११ चं कार्ड तू कधी हरला नाहीस, हेही मी विसरलेलो नाही. राग असेल तर शिवी दे, हेवा वाटत असेल तर तसं सांग. पण अंगठा नको.

दिवाळीनंतर सांगलीहून ये. पहाटे निघू, बोगद्यापासून वरळीपर्यंत तू चालव. इन्शुरन्सचं मी बघतो. वहिनींना मात्र ट्रेननेच आण, मागच्या सीटवर लहान मूलच मावतं. आणि तुझी ती पत्र्याची ट्रंक आणू नकोस. डिकी पुढे आहे, एकच बॅग बसते.

तुझा,
बंड्या