कोतवाल बुकातली माणसे

महोदय,

लेकीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने इंग्लंडात शेफिल्डला होते. जावयांनी एका रविवारी जवळचे ईम नावाचे खेडे दाखवायला नेले. दगडी घरांचे लहान गाव, मधोमध चर्च, आवारात हजार वर्षांहून जुना कोरीव क्रूस. पण माझा पाय अडला तो एका घरापुढच्या पाटीपाशी. जावई वाचून सांगत होते. शिंप्याकडचा गडी जॉर्ज व्हिकर्स ७ सप्टेंबर १६६५ ला या घरात प्लेगने गेला. २२ तारखेला चार वर्षांचा एडवर्ड. २ ऑक्टोबरला त्याचा भाऊ जोनाथन, वय बारा. त्यांची आई तेवढी वाचली.

लंडनहून आलेल्या ओलसर कापडाच्या गाठोड्यात पिसवा होत्या, असे म्हणतात. पुढच्या उन्हाळ्यात विल्यम मॉम्पेसन आणि थॉमस स्टॅन्ली या दोन धर्मगुरूंच्या सांगण्यावरून गावाने स्वतःला कोंडून घेतले. रोग शेजारच्या गावांत जाऊ नये म्हणून. शिवेवर एक दगड आहे, त्याला भोके आहेत. बाहेरचे लोक तिथे अन्न ठेवून जायचे, गावकरी भोकांतल्या व्हिनेगरमध्ये पैसे ठेवायचे. मी त्या भोकात बोट घालून पाहिले. कड गुळगुळीत झाली आहे. चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. एलिझाबेथ हॅनकॉक नावाच्या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा लेकरे स्वतःच्या हाताने पुरली.

साडेतीनशे वर्षांनी ही नावे कशी कळतात? चर्चच्या वहीत लिहून ठेवली म्हणून.

अशी वही आपल्याकडेही आहे, कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही. नातवाच्या जातीच्या दाखल्यासाठी गेल्या वर्षी आम्ही एका कचेरीत १९१८ चे पान काढून घेतले. ते मानमोडीचे, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचे साल. माझी आजेसासू सांगायची, एक तिरडी पोहोचवून येईपर्यंत घरी दुसरी बांधलेली असायची. त्या पानावर एकाच आडनावाच्या चार ओळी खालोखाल होत्या, कारण प्रत्येकापुढे एकच, ‘ताप’. शेवटच्या ओळीत नाव नाही, नुसते ‘मुलगी’. बाबूंनी आम्हाला हवी ती ओळ उतरवली आणि वही मिटली. मिटताना कोपऱ्याचा तुकडा पापडासारखा मोडून टेबलावर पडला. तो त्यांनी हाताने झटकला. मला ते फार लागले. दाखल्यापुरती एक ओळ आपण शोधतो, बाकीची माणसे कोणाची?

माझी कळकळीची विनंती आहे की, कोतवाल बुकांतली मृत्यूची पाने मोडून जाण्याआधी त्यांची छायाचित्रे काढावीत. जी मोडी लिपीत आहेत ती जाणकारांकडून वाचून घ्यावीत आणि गावोगावची यादी त्या त्या ग्रामपंचायतीला द्यावी.

आमच्या गावच्या शिवेवर, धुऱ्याला लागून, मरीमायचे ठाणे आहे. प्लेगात गाव सोडून लोक वावरात झोपड्या टाकून राहायचे, तेव्हा आधी तिथे नारळ फोडायचे, असे म्हातारे सांगत. आज तिथे शेंदराचा दगड आहे, नवा ओटा आहे, एक अक्षर नाही. यादी मिळाली तर आमच्या गावच्या पाटीचा खर्च मी सोयाबीनच्या पैशातून देईन. त्या नाव नसलेल्या मुलीची ओळही तिच्यावर हवी.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ