हत्तीची पाण्यातली भावकी

टँपा, फ्लोरिडा
१९ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबांनी सांगितलं की हत्ती पुन्हा खालच्या कुळागरात शिरले आणि केळी आडवी करून गेले. मग लाइन तुटली आणि मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून सविस्तर लिहिते. आईचा चष्मा दुरुस्तीहून आला नसेल तर बाबा, तुम्हीच तिला वाचून दाखवा.

मागच्या शनिवारी आम्ही तिघं तंबू घेऊन चॅसहोविट्स्का नदीवर राहायला गेलो. आमच्या घरापासून उत्तरेला दीड तासाच्या आतच आहे. ही नदी डोंगरातून येत नाही. इथली जमीन चुनखडीची, आतून पोकळ. पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि कुठेतरी झरा होऊन वर येतं. अशाच झऱ्यांमधून ही नदी सुरू होते आणि आठ-नऊ किलोमीटरवर मेक्सिकोच्या आखाताला मिळते. आपल्या तिलारीच्या मानाने व्हाळच म्हणायचा. पण पाणी इतकं नितळ की तळाची वाळू उकळल्यासारखी हलताना दिसते. आणि हे पाणी बारा महिने २२ अंशांवर असतं, बाहेर दंव पडलं तरी.

शनिवारी रात्री चांगलीच थंडी पडली. फ्लोरिडात थंडी नसते अशी तुमची समजूत आहे, पण उत्तरेकडून वारा आला की इथेही हाडं गारठतात. पहाटे तंबूवर पांढरं दंव होतं. गॅसच्या छोट्या शेगडीवर उकड्या तांदळाची पेज केली, सोबत आईच्या हातचं लोणचं. चिऊने दोन वाट्या प्यायली, आई, हे तुला मुद्दाम सांगते. उजाडायच्या सुमारास आम्ही कयाक, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या होड्या, पाण्यात लोटल्या. चिऊ माझ्या कयाकमध्ये, तिचे बाबा दुसऱ्यात.

आम्हाला पाहायचे होते मॅनाटी. समुद्रातला आणि नदीतला गवत खाणारा प्राणी. तीन मीटर लांब, वजन साधारण पाचशे किलो, मोठी मादी हजारावरही जाते. एवढा देह पाहून वाटतं की थंडीशी याला काय देणंघेणं! पण त्याच्या अंगावर देवमाशासारखा चरबीचा जाड थर नसतो आणि शरीरात ऊब तयार होण्याचा वेगही फार कमी. पाणी २० अंशांच्या खाली गेलं आणि तसंच राहिलं की तो आजारी पडतो, मरतोही. म्हणून हिवाळ्यात आखात गार पडलं की हे सगळे झऱ्यांकडे येतात. वाट आईकडून पिल्लाला कळते. आईबरोबर एक-दोन वर्षं राहून ते कुठे ऊब, कुठे गवत हे शिकतं आणि पुढे दर हिवाळ्यात तिथेच येतं.

आधी आम्हाला काहीच दिसलं नाही. पाण्यावर वाफ होती, दोन्ही काठांना सायप्रसची झाडं, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी शेवाळ. वल्ही मांडीवर ठेवून नुसते वाहत होतो. मग माझ्या उजव्या हाताला कुणीतरी मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज आला. दोन नाकपुड्या पाण्याबाहेर आल्या, उघडल्या, मिटल्या आणि खाली गेल्या. बस्स, एवढंच! एका श्वासात छातीतली नव्वद टक्के हवा बदलून घेतात म्हणे, मग पुढची काही मिनिटं खालीच. निवांत पडून असले तर वीस मिनिटंसुद्धा.

मग खाली पाहिलं तर ती आमच्या अगदी शेजारी होती. करडी, सुरकुतलेली कातडी, पाठीवर हिरवं शेवाळ, मागे मोठ्या पंख्यासारखी गोल शेपटी. आणि तिच्या काखेला तोंड लावून एक पिल्लू. यांची सडं काखेत असतात, पुढच्या वल्ह्यासारख्या हातांच्या मागे. चिऊ श्वास रोखून बघत होती. आम्ही वल्हं हलवलं नाही. पाठलाग करायचा नाही, हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही, असा इथला कायदा आहे. पण ती आपण होऊन जवळ आली तर स्थिर राहून बघायला मनाई नाही. ती कयाकच्या खालून गेली. जाताना पाठ तळाला घासली आणि आम्ही दोघी बोटभर वर उचलल्या जाऊन पुन्हा खाली आलो. मला कणभरही भीती वाटली नाही. बाबा, एवढ्या ताकदीचं जनावर आणि अंगात मारण्याची वृत्तीच नाही. शिंग नाही, सुळा नाही, कुणी त्रास दिला तर फार तर तिथून निघून जाणं.

आता तुम्हाला जे सांगायचं आहे ते. हे हत्तीचे नातेवाईक आहेत. आज जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत यांचं सगळ्यात जवळचं नातं हत्तीशी. सहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास दोघांचा पूर्वज एक. मी त्या मादीच्या हातांकडे नीट पाहिलं तर टोकाला नखं होती, हत्तीच्या पायाला असतात तशीच गोलसर. वरचा ओठ दुभंगलेला, त्याचे दोन भाग वेगवेगळे हलवून ती गवत धरून तोंडात ओढत होती, जणू सोंड फक्त मुळापाशीच उरली आहे. दाढांचंही तसंच. हत्तीची झिजलेली दाढ पुढे सरकून पडते आणि मागून नवी येते, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं. यांच्याही दाढा मागून पुढे सरकतात, फक्त हत्तीला आयुष्यात सहा वेळाच मिळतात आणि यांना जन्मभर येतच राहतात. गवताबरोबर वाळू चावावी लागते ना.

उजेड वाढल्यावर तिच्या पाठीवरचे पांढरे व्रण दिसले. एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, सात-आठ ओळी. मोटरबोटीच्या पंख्याचे. इथले शास्त्रज्ञ एकेका मॅनाटीला ओळखतात ते अशा व्रणांवरून, त्यांच्या फोटोंची नोंदवही ठेवलेली आहे. कितीतरी जण नुसत्या धडकेनेही मरतात, अंगावर ओरखडा न उठता. चिऊने विचारलं, तिला दुखत असेल का? मी म्हटलं, तेव्हा खूप दुखलं असेल. दुसरं काय सांगणार होते!

दुपारी तंबू आवरून अर्ध्या तासावरच्या क्रिस्टल रिव्हरला गेलो. तिथल्या किंग्ज बे नावाच्या खाडीत सत्तरच्या वर झरे आहेत आणि १९८३ पासून तिथे खास मॅनाटींसाठी अभयारण्य आहे. थ्री सिस्टर्स नावाच्या झऱ्याभोवती एकेकाळी घरं बांधायचा बेत होता. २०१० मध्ये लोकांच्या देणग्या आणि सरकारचा पैसा मिळून ती जागा विकत घेतली गेली. आता हिवाळाभर तिथे नाव न्यायला बंदी, म्हणून आम्ही लाकडी पुलावरून पाहिलं. निळ्या पाण्यात एकमेकांना चिकटून झोपलेले मॅनाटी, मोजणंही अवघड. बाहेरच्या खाडीत जागोजागी पाट्या: नाव सावकाश हाका. या पाट्यांवरून इथेही भांडणं झाली. मासेमारीवाले, नाववाले चिडले, आमचा वेळ जातो, धंदा बुडतो म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. तरीही मला वाटतं त्या पाट्या लागल्या हे योग्यच झालं.

सगळं छान चाललंय असं नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर खाडीत शेतातलं आणि हिरवळींवरचं खत, घरांचं सांडपाणी उतरत राहिलं. पाण्यात शैवाल माजलं, उजेड खाली पोहोचेना, समुद्रगवत मेलं. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनाटी मेले, त्यातले पुष्कळ उपासमारीने. पुढे सरकारनेच एका वीजकेंद्राच्या गरम पाण्यापाशी त्यांना लेट्यूसची पानं घातली, पहिल्या हिवाळ्यात नव्वद टनांच्या आसपास. मला हे वाचून फार वाईट वाटलं. रानटी जनावराला भाजी टाकून जगवायची वेळ यावी, तेही त्याचं गवत आपण घालवल्यावर. किंग्ज बेमध्ये मात्र तळाचा शैवालाचा गाळ पंपाने ओढून काढून पुन्हा गवत लावताहेत आणि ते धरलंही आहे.

बाबा, तुमच्या केळींचं दुःख मला कळतं. रात्र-रात्र जागून फटाके वाजवणं, वर्षभराची मेहनत एका रात्रीत जाणं, आणि भरपाईसाठी खेटे घालणं. इथे बसून तुम्हाला उपदेश करायचा नाही. मॅनाटी कुणाच्या बागेत शिरत नाही, त्यामुळे त्याच्यावर माया करणं सोपं आहे, हेही मला दिसतं. पण तुम्ही इतकं नुकसान सोसूनही हत्तीला कधी शिवी दिल्याचं मी ऐकलं नाही. त्या मादीला पाहताना हे फार आठवलं. २००२ मध्ये ते पहिल्यांदा कर्नाटकातून आपल्या तालुक्यात उतरले, तेव्हा अख्खा गाव पायवाटेवरचे ठसे बघायला गेला होता, तुम्ही त्यात दोन्ही पावलं ठेवून उभे राहिलात आणि तरी जागा उरली. ते मी चिऊला तंबूत सांगितलं.

फेब्रुवारीत जमलं तर ब्लू स्प्रिंग नावाच्या दुसऱ्या झऱ्यावर जाऊ. १९७० च्या दशकात तिथे हिवाळ्यात जेमतेम तीन डझन मॅनाटी यायचे, २०२४ च्या जानेवारीत एका दिवशी नऊशेच्या वर मोजले. रोज सकाळी तिथला माणूस होडीतून फिरत त्यांची हजेरी घेतो, व्रण पाहून. चिऊला ती हजेरी ऐकायची आहे. तिने आईमॅनाटीचं चित्र काढलंय, ते पाकिटात आहे. शेपटी जरा मोठी झालीय. आई, ते देवघराशेजारच्या भिंतीवर लाव असा तिचा निरोप आहे.

काकूच्या गुडघ्याचं काय झालं ते कळवा. बाबा, रात्री एकटे बागेत जाऊ नका, सोबत कुणाला तरी घ्या.

तुमची,
बाय