हेवी मेटलचीही रीतसर समीक्षा व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ज्येष्ठ रॉक कलावंतांवर आलेला लेख वाचला. त्यात ‘ज्युडास प्रीस्ट’ या इंग्लिश हेवी मेटल बँडच्या ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ या अल्बमचा उल्लेख पाहून आनंद झाला. परंतु त्या अल्बमच्या वाट्याला आलेल्या दोन परिच्छेदांत गायकाचे वय, एका गिटारवादकाचा कंपवात आणि दुसऱ्याची हृदयशस्त्रक्रिया याखेरीज काहीही नव्हते. गाणी कोणती, ती कोणी रचली, ध्वनिमुद्रणाची जबाबदारी कोणाकडे होती, आधीच्या अल्बमपेक्षा हा कुठे पुढे गेला आणि कुठे कमी पडला, याविषयी चकार शब्द नव्हता. सत्तरी ओलांडलेली माणसे अजून गातात याचे कौतुक करून लेख पुढच्या कलावंताकडे वळला. अनेकांनी मिळून मेहनतीने केलेल्या कामाची अशी बोळवण होऊ नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आपल्याच वृत्तपत्रात दर डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वृत्तान्त येतात आणि ते मी आवर्जून वाचतो. त्यात ऐंशीच्या घरातल्या गायकाविषयी लिहिताना आपले समीक्षक वयापाशी थांबत नाहीत. राग कोणता होता, विलंबित किती वेळ चालले, तार षड्जावर आवाज ठरला की नाही, तबल्याची साथ कशी झाली, हे सारे ते नोंदवतात; आवाज थकला असेल तर तसे लिहितात, आणि थकलेल्या आवाजातूनही गायकाने काय साधले तेही सांगतात. १९५३ पासून ज्या शहरात हा महोत्सव भरतो, त्या शहरातल्या वाचकाला वयस्क कलावंत कसा ऐकावा हे वेगळे शिकवावे लागत नाही. मेटलच्या बाबतीतच ही शिस्त का सुटावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी भोसरीतल्या एका फोर्जिंग कारखान्यात आयुष्याची उमेदीची वर्षे काढली. भट्टीतून लालभडक बिलेट म्हणजे लोखंडाचा ठोकळा बाहेर यायचा, चिमट्याने तो डायवर म्हणजे साच्यावर ठेवला जायचा आणि हॅमर पडायचा. पहिल्या घावाचा आवाज जरासा बसका असे. लोखंड गार होत जाई तसा प्रत्येक घाव अधिक कडक वाजत असे, आणि पायाखालची जमीन मात्र सगळ्या घावांना सारखीच हादरत असे. त्या काळात एका सहकाऱ्याने मला ज्युडास प्रीस्टच्या ‘ब्रिटिश स्टील’ या अल्बमची कॅसेट भरून दिली, आणि हे संगीत मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. ते आले आहेच तशा परिसरातून. ज्युडास प्रीस्टची सुरुवात १९६९ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या वेस्ट ब्रॉमिच भागात झाली. शाळेजवळच्या ओतशाळेचा धूर आणि तिथल्या घणांची धडधड वर्गापर्यंत येत असे, ही आठवण गायक रॉब हॅलफर्ड यांनी अनेकदा सांगितली आहे. गिटारवादक ग्लेन टिप्टन यांनी संगीतात येण्यापूर्वी ब्रिटिश स्टील या सरकारी पोलाद कंपनीतच नोकरी केली होती. त्याच बर्मिंगहॅमच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके वयाच्या सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात तुटली होती. पिंपरी-चिंचवड आणि भोसरी परिसरात आपल्या वृत्तपत्राचा मोठा वाचकवर्ग आहे. त्याला ही पार्श्वभूमी परकी वाटणार नाही.

‘ब्रिटिश स्टील’ एप्रिल १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे ध्वनिमुद्रण टिटनहर्स्ट पार्क या रिंगो स्टार यांच्या मालकीच्या घरात झाले आणि निर्माते होते टॉम ॲलम. वाटेल तो आवाज बटण दाबून मिळण्याचे ते दिवस नव्हते. ‘मेटल गॉड्स’ या गाण्यात यंत्रमानवांच्या पावलांचा आवाज हवा होता, तेव्हा काटे-चमच्यांनी भरलेला ट्रे मायक्रोफोनसमोर उचलून आपटण्यात आला; ‘ब्रेकिंग द लॉ’मध्ये काच फुटल्याचा आवाज येतो, त्यासाठी दुधाच्या बाटल्या फोडण्यात आल्या. अल्बम कसा घडला याविषयी असे चार तपशील दिले, तर ज्याने आयुष्यात मेटल ऐकले नाही तो वाचकही ते गाणे एकदा लावून पाहील. वयाचा आकडा वाचून कोणी गाणे लावत नाही.

मधली वर्षे मी भराभर ओलांडतो. १९९० चा ‘पेनकिलर’ अल्बम, १९९२ मध्ये हॅलफर्ड यांचे बाहेर पडणे, २००३ मध्ये त्यांचे परतणे, २०११ मध्ये गिटारवादक के. के. डाउनिंग यांनी बँड सोडणे आणि त्यांच्या जागी तिशीतल्या रिची फॉकनर यांचे येणे, हा इतिहास कुठेही सापडतो. डाउनिंग गेले ही मात्र साधी घटना नव्हती. दोन गिटारवादकांनी एकमेकांना जागा देत, आळीपाळीने आणि मग एकत्र सूर लावत वाजवणे ही या बँडची ओळख होती, आणि त्या जुगलबंदीतला एक हात गेला होता. फॉकनर यांनी डाउनिंग यांची नक्कल केली नाही, हे मला त्यांचे सर्वांत मोठे श्रेय वाटते.

त्यांच्यासह केलेला ‘फायरपॉवर’ ९ मार्च २०१८ रोजी आला. निर्मितीसाठी पुन्हा टॉम ॲलम यांना बोलावण्यात आले होते. १९८८ च्या ‘रॅम इट डाउन’नंतर बँडच्या स्टुडिओ अल्बमवर त्यांचे नाव प्रथमच लागले. त्यांच्या जोडीला अँडी स्नीप होते, जे ‘सॅबट’ या ब्रिटिश थ्रॅश (वेगवान मेटल) बँडचे गिटारवादक आणि पुढे ॲक्सेप्ट, सॅक्सन यांसारख्या जुन्या बँडना नवा, टणक आवाज मिळवून देणारे निर्माते म्हणून ओळखले जातात. जुन्या आणि नव्या पद्धतीच्या या जोडीमुळेच ‘फायरपॉवर’ जमला, असे माझे मत आहे, जरी चौदा गाणी मला जास्तच वाटतात आणि तीन-चार सहज गाळता आली असती. अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांच्या विक्रीयादीत तो पाचव्या क्रमांकावर गेला.

अल्बम येण्याच्या काही आठवडे आधी टिप्टन यांनी आपल्याला पार्किन्सन्स म्हणजे कंपवात असल्याचे जाहीर केले. निदान दहा वर्षांपूर्वीच झाले होते; म्हणजे मधल्या सगळ्या अल्बमांत आपण ऐकतो ते वादन त्या आजारासह केलेले आहे. पूर्ण कार्यक्रम वाजवणे त्यांना शक्य राहिले नाही, तेव्हा दौऱ्यात त्यांच्या जागी स्वतः स्नीप उभे राहिले आणि अखेरच्या काही गाण्यांसाठी टिप्टन मंचावर येत राहिले. आपल्या लेखात आजाराचा उल्लेख आला याला माझी हरकत नाही. तो आलाच पाहिजे, पण वादनाशी जोडून. नाही तर तो केवळ प्रकृतीचा अहवाल होतो.

फॉकनर यांच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे आहे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल येथे एका महोत्सवात ‘पेनकिलर’ वाजवत असताना त्यांची महाधमनी फाटली. त्यांनी गाणे पूर्ण केले. जवळच्या रुग्णालयात सुमारे दहा तास शस्त्रक्रिया चालली आणि ते वाचले. आपल्या लेखात इथवरचे आले आहे. त्यात न आलेली गोष्ट अशी, की शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने त्यांना मेंदूचा झटका येऊन गेला आणि त्याचा परिणाम उजव्या हातावर राहिला, हे पुढे त्यांनी स्वतः सांगितले. मेटलमध्ये डाव्या हाताची बोटे तारांवर धावताना सगळ्यांना दिसतात, परंतु या संगीताचा कणा उजव्या हातात असतो. तळहाताची कड तारांवर टेकवून सूर दाबून धरायचा आणि पिकने, म्हणजे तारा छेडायच्या पट्टीने, एकाच दिशेने, न चुकता, मिनिटामागून मिनिटे प्रहार करत राहायचे, हे त्या हाताचे काम. हे ठाऊक असलेला माणूस ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ हे शीर्षकगीत ऐकेल तेव्हा त्याला फॉकनर यांच्या जिवावर बेतलेल्या प्रसंगाचा अर्थ कळेल, आणि तो कानांनी कळेल. हॅलफर्ड यांच्यावरही २०२० मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झाली होती. या सगळ्यांतून वाट काढत हा अल्बम पूर्ण झाला.

तो ८ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. त्या दिवशी महाशिवरात्रीची सुट्टी होती, त्यामुळे माझ्यासारख्या अनेकांना तो सलग ऐकता आला. निर्माते एकटे स्नीप. मूळ आवृत्तीत अकरा गाणी आहेत आणि ती बहुतांशी हॅलफर्ड, टिप्टन आणि फॉकनर यांनी मिळून रचली आहेत. पहिले गाणे ‘पॅनिक अटॅक’ १९८६ च्या ‘टर्बो’ची आठवण करून देणाऱ्या सिंथेसायझरसारख्या सुरांनी सुरू होते आणि मग गिटार त्याला बाजूला सारतात, संगणकाच्या कीबोर्डवर बोटे आपटून जगभर पसरवला जाणारा संताप हा त्याचा विषय आहे. ‘द सर्पंट अँड द किंग’मध्ये हॅलफर्ड इतक्या वरच्या पट्टीत गातात की बहात्तराव्या वर्षीचा हा आवाज आहे यावर विश्वास बसत नाही, परंतु मला त्यांचे खरे मोठेपण ‘क्राउन ऑफ हॉर्न्स’मध्ये दिसते. तिथे ते खालच्या आणि मधल्या सुरांत राहतात, शब्द सावकाश उच्चारतात आणि वयाने आवाजाला आलेला भरीवपणा लपवत नाहीत. तरुणपणी त्यांनी हे गाणे इतके चांगले गायले नसते. अखेरचे ‘जायंट्स इन द स्काय’ लेमी किल्मिस्टर आणि रॉनी जेम्स डिओ या मेटल गायकांसारख्या दिवंगत सहप्रवाशांना उद्देशून आहे. त्यात मध्येच सगळा गदारोळ थांबून एकटी ॲकूस्टिक गिटार ऐकू येते, तो तुकडा मला संपूर्ण अल्बममध्ये सर्वाधिक आवडला.

दोषही आहेत आणि ते समीक्षकाने सांगायला हवेत. स्नीप यांचे मिक्सिंग स्वच्छ आहे, पण ते फार चकाकते. स्कॉट ट्रॅव्हिस यांच्या ड्रम्सचा प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा वाटतो आणि पहिल्या अल्बमपासून बँडमध्ये असलेल्या इयान हिल यांची बास गिटार तर शोधावी लागते. ‘गेट्स ऑफ हेल’ आणि ‘सन्स ऑफ थंडर’ ही गाणी ओळखीच्या वाटेवरून फारशी बाजूला होत नाहीत. तरीही पहिल्या अल्बमनंतर पन्नास वर्षांनी हा बँड ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, आणि तिथे याआधी तो इतका वर कधीच गेला नव्हता. लोकांनी ही सहानुभूती म्हणून विकत घेतलेली वस्तू नाही, असे मला ठामपणे वाटते.

पुण्यात हे ऐकणारे किती, असा प्रश्न संपादकीय विभागात निघत असेल तर त्याचे उत्तर शहरानेच दिले आहे. २०१० पासून इथे ‘एनएच७ वीकेंडर’ हा संगीत महोत्सव भरू लागला, आणि २०१९ मध्ये त्याच महोत्सवात स्वीडनचा ‘ओपेथ’ हा मेटल बँड येऊन वाजवून गेला. काळे टी-शर्ट घातलेली ती मुले मराठी घरांतलीच होती, आणि त्यांच्या घरी आपलेच वृत्तपत्र येते. अशा संगीताविषयी मराठीत नीट लिहिलेले काही वाचायला मिळाले तर ती वाचतील.

म्हणून माझी विनंती अशी आहे. यापुढे एखाद्या ज्येष्ठ मेटल बँडचा अल्बम आला, तर तो संपूर्ण ऐकलेल्या माणसाकडून त्यावर लिहून घ्यावे. गीतकार, निर्माता, ध्वनिमुद्रणाची जागा आणि प्रमुख वादकांची नावे द्यावीत. दोन-तीन गाण्यांविषयी सविस्तर लिहावे आणि आवडले नाही तर तसे स्पष्ट म्हणावे. लिहिणारे मिळत नसतील, तर शहरात स्वतः मेटल वाजवणारे तरुण आहेत, ज्यांना गिटारच्या तारा किती उतरवून लावल्या आहेत हे ऐकताक्षणी कळते आणि ज्यांचे मराठीही उत्तम आहे. त्यांना विचारावे, आणि मानधन शास्त्रीय संगीताच्या समीक्षकांइतकेच द्यावे.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक,
भोसरी, पुणे