ग्लॉस्टरच्या काकूंना, पाण्याबद्दल

ती. स्व. काकूंना शि. सा. नमस्कार.

तुमच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी भाषणं ठोकली, मी तेवढी गप्प बसले. मला जे सांगायचं होतं त्यात संडासाचा उल्लेख फार वेळा येतो आणि समोर पुरणपोळीची पानं वाढलेली होती. म्हणून हे पत्र, आणि तेही जाहीर. तुम्ही म्हणाल, "कशाला चारचौघांत?" म्हणा खुशाल.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. २००७ साली आम्ही डोंबिवलीहून ग्लॉस्टरला येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. कडेवर तान्ही लेक. तुमच्याशी ओळख म्हणाल तर तीन घरं पलीकडे एक मराठी डॉक्टरकाका आणि काकू राहतात, एवढीच. इंग्लंडच्या पावसाचा आम्हाला काही धाक नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, २६ जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडलेला बघून आलेली माणसं आम्ही. इथला पाऊस म्हणजे नुसती पिरपिर, हे आमचं ठरलेलं मत.

पण त्या वर्षी पिरपिर थांबेचना. जेट स्ट्रीम नावाचा वरच्या हवेतला वारा नेहमीपेक्षा दक्षिणेला सरकून बसला होता, आणि ब्रिटनच्या उत्तरेकडून निघून जायची ती वादळं एकामागून एक डोक्यावर येत होती. जूनच्या शेवटी हल आणि शेफील्ड ही शहरं बुडाली. इंग्लंड-वेल्समध्ये १७६६ पासून पावसाची नोंद आहे. त्यातले हे सर्वांत ओले मे, जून, जुलै. जमीन आधीच टम्म भरलेली. अशात २० जुलैच्या शुक्रवारी वूस्टरशर-ग्लॉस्टरशरमध्ये काही ठिकाणी दिवसभरात १२० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. मुंबईकराला हा आकडा किरकोळ वाटेल. इथे मुरायला जागाच उरली नव्हती, सगळं रस्त्यावर आणि नदीत.

त्या रात्री एम-५ महामार्गावर सुमारे दहा हजार माणसं गाड्यांतच अडकली. त्यातला एक माझा नवरा. बर्मिंगहॅमहून निघाला होता, फोनची बॅटरी संपत आलेली. साडेनऊला तुम्ही दारात उभ्या. एका हातात गाऊनची पिशवी, दुसऱ्या हातात मुगाच्या खिचडीचा डबा. "तो सकाळी येईल. तू जेव." बास, एवढंच बोललात. धीर देणं वगैरे नाही. मग आमच्या सोफ्यावर झोपलात आणि घोरलात. काकू, त्या घोरण्याने मला जो दिलासा मिळाला तो कुठल्या शब्दांनी मिळाला नसता.

पण माझे खरे आभार त्या रात्रीचे नाहीत. ते रविवारपासून पुढचे आहेत.

सेव्हर्न आणि एव्हन यांच्या संगमावरचं ट्यूक्सबरी तोवर बेट झालं होतं. पाण्यातून वर आलेल्या त्या जुन्या ॲबी चर्चचा विमानातून काढलेला फोटो जगभर गेला. त्याच गावाला लागून माइदचं जलशुद्धीकरण केंद्र. रविवारी, २२ तारखेला, ते बुडालं. रेडिओ ग्लॉस्टरशरवर बातमी लागली आणि पाचव्या मिनिटाला तुमचा फोन: "नळाला आहे ते टाक्यांतलं उरलेलं पाणी आहे. भर. पातेली, कुकर, बादल्या, बाळाचा टब, जे दिसेल ते. झाकणं ठेव." संध्याकाळनंतर नळ फुसफुसला आणि गेला. साडेतीन लाख लोकांचं पाणी तुटलं, ते पिण्याजोगं होऊन परत यायला ऑगस्टचा पहिला आठवडा उलटला. नदी दुथडी भरून गावात आलेली, आणि घरात चूळ भरायला पाणी नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही येऊन माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतलात. पाण्याच्या जाती लावल्यात. सरकारी वाटपाच्या बाटल्या फक्त पिण्याला. बाउझरचं, म्हणजे रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या केलेल्या टाकीचं पाणी उकळून स्वयंपाकाला आणि बाळाच्या अंघोळीला. तिसरं तुमच्या परसातल्या हिरव्या पिंपातलं, पन्हळीचं पावसाचं पाणी. ते फक्त संडासाला. आणि एका जातीचं भांडं दुसऱ्या जातीत बुडवलं तर तुमचा असा काही आवाज लागायचा की नवरासुद्धा तांब्या हातात घेऊन आधी विचारायचा, "हा कुठला?"

भांडी आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसायची, मग एका तांब्यात विसळायची. तांदूळ धुतलेलं पाणी वरणाला. बाळाच्या अंघोळीचं पाणी टबातून बादलीत, बादलीतून संडासात. आणि ते ओतायचं कसं, तर थोडं थोडं नाही. बादली छातीपर्यंत उचलून एका दमात, नाहीतर सगळं फुकट. हे तुम्ही मला प्रात्यक्षिक करून दाखवलंत, साडीचा पदर खोचून, पायात डॉक्टरकाकांचे गमबूट घालून. माझ्याकडे फोटो आहे. घाबरू नका, छापत नाही.

इंग्लंडात माणूस दिवसाला साधारण दीडशे लिटर पाणी वापरतो. अशा संकटात माणशी दहा लिटर पुरवावं असा तेव्हाचा नियम. दीडशेवरून दहावर येताना आमच्या गल्लीत काय काय झालं ते आपण दोघींनी पाहिलं. समोरचे एकटे राहणारे आजोबा अंघोळीच्या काळजीने रडवेले झाले होते. त्यांना तुम्ही पितळी तांब्या नेऊन दिलात आणि अर्ध्या बादलीत अंघोळ कशी होते ते बंद दाराबाहेर उभं राहून, मोठ्याने, तुमच्या पुणेरी इंग्रजीत समजावलंत. पहिला तांब्या खांद्यावर, मग साबण, मग थांबा! आतून "येस, मॅडम" असं उत्तर येत होतं. तो तांब्या त्यांनी परत केला नाही. बदल्यात पुढची कित्येक वर्षं रासबेरी आल्या.

बाउझरवर तुम्ही चाकांची बाजाराची पिशवी घेऊन जायचात, मी बाबागाडी. बाळ माझ्या पाठीला बांधलेलं, गाडीत पाण्याचे कॅन. टाकी रिकामी निघाली की लोक हताश होऊन परत फिरायचे. तुम्ही तिथेच थांबून येणाऱ्या प्रत्येकाला दुसरी टाकी कुठे आहे ते सांगायचात, कारण सकाळी उठून तुम्ही सगळ्या बघून आलेल्या असायच्या. सोमवारी आपल्याकडे वीज गेली. वॉलहमचं मोठं वीज उपकेंद्र मात्र सैनिकांनी आणि अग्निशमन दलाने तात्पुरती भिंत उभारून, पंप लावून कसंबसं वाचवलं. ते गेलं असतं तर लाखो घरं अंधारात गेली असती. आपण मात्र गॅसवर काडी ओढून चहा केला. बाटलीतल्या पाण्याचा चहा म्हणजे उधळपट्टी, असं म्हणत तुम्ही दोन कप घेतलेत.

तेव्हा मी विचारलं होतं, की हे सगळं तुम्हाला येतं कसं? तुम्ही म्हणालात, "पानशेत." १२ जुलै १९६१. तुम्ही बारा वर्षांच्या. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुण्याचं पाणी जिथून यायचं तेच गेलं. सदाशिव पेठेतला तुमचा वाडा पुरातून वाचला, पण नळ कोरडे. आडावर तुमच्या आजीने पहारा बसवला आणि बादल्यांना खडूने खुणा केल्या. माझ्या स्वयंपाकघरात लावलेल्या जाती तिच्याच. एवढं सांगून तुम्ही विषय बदललात. बुडालेल्या घरांचं, माणसांचं काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

नंतर सर मायकेल पिट यांचा या पुराबद्दलचा सरकारी अहवाल आला, ९२ शिफारशींचा. त्यातून पूर आणि पाणी व्यवस्थापनाचा २०१० चा कायदाही झाला. अहवाल चांगला आहे, मी बराचसा वाचला. वर्तमानपत्रांनी लोकांच्या धीराचं कौतुक केलं, युद्धकाळाची आठवण काढली. तुम्हाला ते मुळीच पटलं नव्हतं. "धीर कसला? झाकणाची भांडी होती का घरात, ते विचारा." मलाही तेच वाटतं. त्या उन्हाळ्यात देशभरात तेरा माणसं गेली, हजारो कुटुंबं वर्ष-वर्ष भाड्याच्या घरांत किंवा अंगणातल्या कॅरव्हॅनमध्ये राहिली. आपल्या घरांत तर पुराचं पाणी शिरलंसुद्धा नव्हतं. तेव्हा आपल्या हालांचं मोठं कौतुक नको. पण परक्या देशात, तान्ह्या बाळासकट, मी त्या दिवसांत एकदाही घाबरून रडले नाही. त्याचं कारण तुम्ही. तुम्ही गोड बोललात म्हणून नव्हे. गोड तुम्ही बोलतच नाही. सकाळी उठल्यावर पहिलं काम काय, दुसरं काय, हे तुम्ही लावून दिलं होतं, म्हणून. त्याबद्दल मनापासून आभार. सतरा वर्षं उशिरा, पण आभार.

त्या पाण्यात अंघोळ केलेली ती तान्ही आता ए-लेव्हल संपवून युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला निघाली आहे. तुमचं आणि तिचं परवा बोलणं झालंच असेल.

आता एक मागणं. तुम्ही लीड्सला मुलीकडे जाणार, सामान वाटायला काढलंय असं कळलं. चांदीची भांडी, पैठण्या ज्यांना द्यायच्या त्यांना द्या. परसातलं हिरवं पिंप मात्र कुणाला देऊ नका. शनिवारी नवऱ्याला गाडी घेऊन पाठवते. ते रिकामं करायला तुम्ही स्वतः वाकू नका, पाठ सांभाळा. तो करेल.

तुमची,
तीन घरं पलीकडची