सीटीचे डिटेक्टर दुपारी तापतात, नुसतं कॅलिब्रेशन नको

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

चोपड्याहून लिहितोय. आमच्या सीटी स्कॅन मशीनबद्दल एप्रिलपासून ही चौथी तक्रार, आधीच्या तिन्ही वेळा तुमचा इंजिनियर आला, एअर कॅलिब्रेशन केलं (म्हणजे मशीन रिकामं चालवून एक्स-रे टिपणारे डिटेक्टर जुळवले), सही घेतली आणि गेला. सकाळी इमेज स्वच्छ येते, दुपारी एक-दीड वाजला की इमेजवर परत गोल रिंगा.

तुमचं उत्तर ठरलेलं, जळगाव जिल्ह्यात ऊन फार, रूमचा एसी बघा. अहो मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो हे आम्हाला माहितीये, म्हणूनच दोन एसी लावलेत, रूम 22 वरच असते, रोज दोनदा वहीत लिहितो, पानांचे फोटो जोडलेत. तापतंय ते गॅन्ट्रीच्या, म्हणजे मशीनच्या गोल भागाच्या आत. सर्व्हिस स्क्रीनवर मी स्वतः पाहिलं, सकाळी डिटेक्टरचे सगळे मॉड्यूल (तुकडे) 36 ला, दुपारी मधले चार 39 च्या वर आणि बाकीचे जागच्या जागी. एसीचा दोष असता तर सगळेच चढले असते ना? डिटेक्टर एका तापमानाला ठेवणारा आतला हीटर फक्त तापवू शकतो, जास्तीची उष्णता काढायची ती फॅनच्या हवेने, आणि त्या चारांपर्यंत हवाच पोचत नाहीये असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. डिटेक्टरमधल्या फोटोडायोडचा डार्क करंट (उजेड नसतानाही वाहणारा करंट) दर 8-10 डिग्रीला साधारण दुप्पट होतो, एक्स-रेचा उजेड करणाऱ्या सिंटिलेटरचा उजेडही तापमानाने बदलतो, मग सकाळचं कॅलिब्रेशन दुपारी कसं पुरणार.

गेल्या मंगळवारी गाडीवरून पडलेला एक पोरगा आणला. डोक्याचा सीटी, आणि रिंग नेमकी मेंदूच्या मधोमध. रेडिओलॉजिस्ट म्हणाले रक्तस्राव आहे की नाही सांगता येत नाही, परत काढा. परत काढला तरी तेच, म्हणजे पोराला दोनदा रेडिएशन देऊन शेवटी जळगावला पाठवलं. वडील केळीच्या बागेतून चिखलाच्या पायांनी तसेच आलेले, विचारत होते "आते काय करानं भाऊ?" मला काही बोलताच आलं नाही.

सीएमसीचे (पार्टसकट देखभालीच्या कराराचे) पूर्ण पैसे भरलेत, डिटेक्टर त्यात कव्हर आहे. इंजिनियर दुपारी 2 ला पाठवा, सकाळी नको, कव्हर उघडून फॅन, फिल्टर आणि टेम्परेचर कंट्रोल बोर्ड आमच्यासमोर तपासा, खराब असेल ते बदला आणि कॅलिब्रेशन त्यानंतर करा.

कधी येणार ते सोमवारपर्यंत लेखी कळवा. तोपर्यंत दुपारी डोक्याचे सीटी आम्ही घेत नाही, पेशंट सरळ जळगावला पाठवतोय.

सेंटर चालक,
चोपडा, जि. जळगाव