गोर्बाचेव्ह यांचे गणित किमतींपाशी चुकले

महोदय,

सोव्हिएत संघ ग्लासनोस्तमुळे, म्हणजे बोलण्याच्या मोकळिकीमुळे फुटला असे सर्रास लिहिले जाते. सोव्हिएत संघाचे शेवटचे नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांची आर्थिक बाजू त्यात झाकली जाते. १ जानेवारी १९८८ पासून लागू झालेल्या सरकारी उद्योग कायद्याने कारखान्यांना नफा राखण्याची व पगार वाढवण्याची बरीच मुभा दिली. बहुतेक किमती मात्र सरकारच ठरवत राहिले. लोकांच्या हाती रुबल वाढले, माल वाढला नाही आणि दुकानांच्या फळ्या रिकाम्या पडल्या. त्याआधीच १९८५ च्या दारूविरोधी मोहिमेने व्होडकावरचा महसूल घटला होता, १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले. तूट भरायला नोटा छापल्या गेल्या. किमतींना वेळेत हात न घालणे ही माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी चूक.

शेजारी देशांवर मात्र त्यांचे मोठे ऋण आहे. ७ डिसेंबर १९८८ रोजी संयुक्त राष्ट्रांत त्यांनी ५ लाख सैनिक कमी करण्याची आणि पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया व हंगेरीतून सहा रणगाडा डिव्हिजन मागे घेण्याची घोषणा केली. १९५६ मध्ये बुडापेस्टमध्ये, १९६८ मध्ये प्रागमध्ये रणगाडे घुसले होते. १९८९ मध्ये ते छावणीतच राहिले. म्हणूनच पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी या विरोधी कामगार संघटनेने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकूनही मॉस्को हलले नाही. ११ सप्टेंबरला हंगेरीने पूर्व जर्मनांना ऑस्ट्रियाची सीमा उघडली, तेव्हाच बर्लिनच्या भिंतीचा अर्थ संपला होता.

जानेवारी १९९१ मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्नियसला सोव्हिएत सैन्याने निःशस्त्र नागरिकांचे बळी घेतले. गोर्बाचेव्ह यांच्यावरील लेखांत हेही यायला हवे.

– एक वाचक, पुणे