पावसाळ्यातल्या लंगड्या कोंबड्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती कोंबडीपालनावर जे छापून येते, त्यात गिरिराज की कडकनाथ, अंड्याला भाव किती आणि खाद्याचा खर्च किती, हीच चर्चा असते. पक्ष्याच्या पायांकडे कोणी पाहत नाही. मुंबईच्या कोळीवाड्यांत, गावठाणांत आणि आरेच्या पाड्यांवर आजही कित्येक घरी चार-सहा कोंबड्या असतात. पावसाळा मध्यावर आला की त्यांतली एखादी लंगडू लागते आणि लगेच सुरीखाली जाते. वास्तविक यातल्या बऱ्याच कोंबड्या वेळीच लक्ष दिले तर बऱ्या होतात.

या लंगडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे पंजाच्या तळव्याचा संसर्ग, ज्याला इंग्रजीत ‘बंबलफूट’ म्हणतात. तळव्याला बारीकशी जखम होऊन तीतून जंतू शिरतात, बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तळवा सुजतो, हाताला गरम लागतो आणि मधोमध काळी, टणक खपली धरते. माणसाच्या गळवासारखा पू वाहून जाईल या समजुतीने लोक तो दाबून काढू पाहतात. पण पक्ष्यांचा पू सहसा पातळ होत नाही, तो घट्ट गोळा होऊन बसतो आणि दाबल्याने संसर्ग आत, सांध्यांकडे व हाडाकडे सरकण्याची भीती असते. सूज थोडी असेल तर पाय एप्सम सॉल्ट घातलेल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावा, कोरडा करून पोव्हिडोन आयोडीनचे मलम लावावे, वर गॉज ठेवून चिकटपट्टी बोटांच्या बेचक्यांतून फार न आवळता गुंडाळावी आणि ती रोज बदलावी. हे जंतू माणसालाही बाधतात, म्हणून हातमोजे घालावेत. सूज बोटांत किंवा घोट्याकडे चढली असेल, तर घरी ब्लेड चालवण्याचे धाडस कृपा करून कोणी करू नये. ते काम पशुवैद्याचे आहे.

औषधापेक्षा खुराड्याची निगा महत्त्वाची, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या लादीवर किंवा उघड्या जाळीवर महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या कोंबडीचे तळवे सोलणारच. भाताच्या तुसाचा जाड थर द्यावा, तो वरचेवर हलवावा आणि ओला झालेला भाग तेवढ्यापुरता काढून नवा घालावा. बसायची दांडी साधारण दोन इंच रुंद, कडा गोल केलेली आणि फार उंच नसलेली असावी, कारण जड पक्षी उंचावरून सिमेंटवर उडी मारतो तेव्हा सगळा भार तळव्यावर येतो. रात्री कोंबड्या दांडीवर शांत बसलेल्या असताना बॅटरीच्या उजेडात एकेकीचा पंजा उलटून पाहिला, तर खपली धरण्याआधीच लाली दिसते. आमच्याकडे आणखी एक त्रास आहे: मासेमारीची जाळी शिवताना पडलेला नायलॉनचा धागा बोटांभोवती गुरफटतो, पिसांमुळे चटकन दिसत नाही आणि बोट काळे पडून गळून जाते.

पायावरचे खवले उचललेले, खडबडीत दिसत असतील तर तो गोचिडीच्या जातीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा उपद्रव असतो. त्यावर रॉकेल चोळण्याची जुनी रीत कातडी जाळते. व्हॅसलीनचा जाड थर काही आठवडे नियमित लावावा. मात्र लंगडण्याबरोबर मान वाकडी होणे, हिरवट विष्ठा किंवा अनेक पक्षी एकदम मरणे असे दिसले, तर तो पायाचा आजार नव्हे. मानमोडीसारखी (राणीखेत रोगासारखी) साथ असू शकते, आणि पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवायला हवे.

सर्वांत घातक सवय म्हणजे घरात उरलेली माणसांची अँटिबायोटिक कॅप्सूल पाण्यात कालवून पाजणे. मात्रा चुकते, जंतू निर्ढावतात आणि औषधाचा अंश अंड्यांतून घरातल्या मुलांच्या पोटात जातो. औषध पशुवैद्यानेच द्यावे आणि अंडी किती दिवस खाऊ नयेत, हेही त्यांनाच विचारावे.

परंतु वेसाव्याहून किंवा गोराईहून एक कोंबडी टोपलीत घालून परळला नेण्यासाठी अख्ख्या दिवसाची मजुरी कोण बुडवील? परळला १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांना अध्यापकांसह पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोळीवाड्यांत आणि पाड्यांवर पाठवण्याचा विचार शासनाने करावा. टेबल-खुर्ची आणि कोरडी जागा आमचे लोक आनंदाने देतील.

आपला नम्र,
एक वाचक, वेसावे, मुंबई